नावेचं इंजिन बदलतोय: गिअरबॉक्स चुकीचा आलाय आणि दुकानदार ऐकत नाही. काय करू?

संगमकाठ

नमस्कार मंडळी. मी मुक्ताईनगर तालुक्यातला. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर आमची नाव चालते. वडील माणसं नेतात, पहाटे जाळं टाकतात, घर त्यावरच आहे. नाव लोखंडी पत्र्याची, लांबी २२ फूट, रुंदी ७ फूट.

आतापर्यंत शेतीपंपाचं ५ एचपीचं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन थेट पंख्याच्या शाफ्टला (दांड्याला) जोडलेलं होतं. गिअर नाही, रिव्हर्स नाही. काठ आला की इंजिन बंद करायचं आणि बांबूने नाव आवरायची. इंजिन म्हातारं झालं, लायनर दोनदा बदलून झाले, आता ब्लॉकलाच चीर गेलीय. म्हणून त्याच जातीचं ७ एचपीचं नवं इंजिन घेतलं, ८७.५ बोअर, ११० स्ट्रोक, १५०० आरपीएम. ते जळगावातून घेतलं, बिल पक्कं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

त्रास आहे तो मागच्या सामानाचा. या वेळी रिव्हर्स पाहिजेच असं ठरवलं. यात्रेच्या गर्दीत घाटाला नाव लावताना वडिलांचा जीव टांगणीला असतो, ते मला आणखी बघवत नाही. किनाऱ्यावरच्या एका दुकानाच्या वेबसाइटवर २:१ चा (इंजिनचे दोन फेरे, पंख्याचा एक) मरीन गिअरबॉक्स, सव्वा इंची स्टेनलेस शाफ्ट, ग्लँड (शाफ्टभोवतीचं पाणी अडवणारा भाग) आणि १७ बाय १२ चा पंखा असा संच मिळाला. एकूण ₹४८,०००. पैसे आगाऊ गेले. मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्पष्ट लिहिलं होतं: गिअर २:१, शाफ्टचा टेपर (टोकाकडचा निमुळतेपणा) १:१२, पंखा त्याच टेपरचा. त्यांनी अंगठा दाखवून 'ओके' लिहिलं.

सामान भुसावळला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला आलं. पंखा शाफ्टवर नीट बसत नाही, हलतो. गिअरबॉक्सवरची प्लेट २:१ म्हणते, पण हाताने फिरवला तर मला ते खरं वाटत नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "पार्सल उघडलं ना? मग रिटर्न नाही. तुमच्या मिस्त्रीला जमत नसेल तर मी काय करू?"

महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताबाईची यात्रा आहे. तोवर नाव पाण्यात हवी. एक, गिअरबॉक्सचं प्रमाण घरच्या घरी खात्रीने कसं मोजायचं? दोन, या माणसाकडून पैसे कसे काढायचे?

शेडवाला_भुसावळ

भाऊ, मी रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होतो, आता निवृत्त. दोन्ही गोष्टी तपासायला खडू आणि ब्लूची (कुठे टेकतं ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाची) एक ट्यूब पुरे.

गिअरबॉक्स बाकावर घट्ट बांधा. इनपुट (इंजिनकडच्या) फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकतीवर, खडूची रेघ, समोर बॉडीवर रेघ. आउटपुट (पंख्याकडच्या) फ्लँजलाही तसंच. गिअर फॉरवर्डला टाका आणि इनपुट हाताने सावकाश फिरवा. आउटपुटचा एक फेरा बरोबर पूर्ण होईतो इनपुटचे फेरे मोजा. एका फेऱ्यावर विश्वास ठेवू नका, आउटपुटचे दहा फेरे होऊ द्या. इनपुटचे वीस भरले तर २:१, तीस भरले तर ३:१. अडीचचेही गिअर असतात, म्हणून दहा फेरे. हे सगळं एकाच सलग व्हिडिओत घ्या. सुरुवातीला प्लेट आणि सिरीयल नंबर दिसू द्या, कॅमेरा मध्ये थांबवू नका.

पंख्यासाठी: शाफ्टचा टेपर पुसून कोरडा करा, त्यावर ब्लूचा पातळ हात फिरवा. चावी (पंखा शाफ्टवर फिरू नये म्हणून खाचेत बसवलेला लोखंडी तुकडा) काढून ठेवा. पंखा सरळ दाबून बसवा, थोडा फिरवा, काढा. ब्लू बोअरमध्ये सगळीकडे उमटला पाहिजे. फक्त एका टोकाला बांगडीसारखी रेघ उमटली तर टेपर वेगळा आहे. आपल्याकडे जुन्या ब्रिटिश मापाचा १:१२ चालतो, अमेरिकन मापाचा १:१६ असतो आणि मेट्रिक १:१०. डोळ्यांना फरक दिसत नाही, ब्लूला दिसतो.

आणि पंखा 'लेथवर घासून घ्या' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बोअर वाढतो, चावीवर सगळा भार येतो आणि एक दिवस भर पाण्यात चावी तुटते.

केळीवाला_रावेर

एवढा खटाटोप कशाला? सरळ २५-४० एचपीचं आउटबोर्ड लावा. मागच्या फळीला अडकवलं की झालं. रिव्हर्स त्यातच, पंखा त्यातच, वरती उचलता येतं. दुकानदाराच्या दारात जायची गरजच नाही.

मालवणी_तांडेल

रावेरच्या दादांनू, आउटबोर्ड आमी रोज वापरतो, वायट काय नाय. पण ह्या नावेला तो नको. कारण सांगतो.

ही नाव पाणी कापत जाते, पाण्यावर चढत नाही. अशा नावेची कमाल गती तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरते. पाण्याला टेकलेली लांबी २० फूट धरली तर साधारण ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. त्यापुढे तुम्ही ४० एचपी लावा नाहीतर ६०, नाव आपल्याच लाटेच्या चढावर अडकते आणि पेट्रोल जळत राहतं. ७ एचपीचं डिझेल आणि मोठा, संथ फिरणारा पंखा ह्या कामाला योग्य. शिवाय आउटबोर्डच्या थंड पाण्याच्या पंपाचा इंपेलर (रबरी फिरकी) गढूळ पाण्यात लवकर झिजतो. आमच्याकडे तो दुकानात मिळतो. चांगदेवला कुठून आणणार? डिझेलचा नोझल तुम्हाला मुक्ताईनगरात मिळेल.

संगमकाठभाऊ, पंखा १७ इंची का निवडला ते ठाऊक आहे ना? कारण तोच मुद्दा दुकानदाराला अडकवणार आहे.

संगमकाठ

हो दादा. कागदावर हिशेब केला होता. ७ एचपी आणि शाफ्टला ७५० फेरे धरले तर व्यास साडेसतरा इंचाच्या आसपास येतो. ३:१ असेल तर शाफ्टला ५०० च फेरे, मग पंखा २२ इंची लागेल. आमच्या नावेला तळ आणि खालची पट्टी यांच्यात २१ इंच जागा आहे. १७ चा पंखा मोकळा फिरतो, २२ चा बसणारच नाही.

मालवणी_तांडेल

बरोबर. आणि पंखा १७ चाच ठेवून गिअर ३:१ चा लावला तर काय होईल तेही लिहून ठेवा. पिच १२ इंच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर एक फूट पुढे जातो. ७५० फेऱ्यांना मिनिटाला ७५० फूट, ताशी १३.७ किलोमीटर. पाण्यात घसर धरा ४० टक्के, उरतात ८ च्या वर. ठीक. ५०० फेऱ्यांना तोच हिशेब साडेपाचवर येतो. इंजिनवर भार येणार नाही, गव्हर्नर डिझेल कमी करत राहील, नाव मात्र रांगेल. पूर्णेला पाणी चढलेलं असेल तेव्हा तुम्ही जागच्या जागी राहाल. हे 'थोडं अ‍ॅडजस्ट करा' म्हणून सुटणारं नाही. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

शहादेकर

आमच्याकडचा अनुभव सांगतो. सरदार सरोवराचं पाणी अक्कलकुवा आणि अक्राणीच्या नर्मदाकाठच्या गावांपर्यंत येतं. धरण पूर्ण भरलं की पातळी १३८.६८ मीटर, उन्हाळ्यात बरीच खाली. पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांची खोडं पृष्ठभागाखाली हात-दीड हात राहतात. दिसत नाहीत. पंख्याची एक पात वाकली की शाफ्ट थरथरतो, मग ग्लँड गळते, मग गिअरबॉक्सचं सील जातं. एकातून एक.

म्हणून भाऊ, पंख्याच्या पुढून खालून जाणारी लोखंडी पट्टी काढू नका, उलट जाड करा. आणि दुसरा पंखा नावेत कायम ठेवा, पुलरसकट. तुमच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात खोडं नसतील, पण गाळ आणि जलपर्णी आहेच.

आते दुकानदारनं बोलानं तर, भाऊ, तेले फोनवर काही सांगू नका. बठ्ठं लिखी ठेवा.

वकील_जळगाव

मी जळगावला वकिली करते, ग्राहक प्रकरणं पाहते. शहादेकर शेवटी म्हणाले तेच आधी करा: इथून पुढे सगळं लेखी. फोन आलाच तर ठेवल्यावर लगेच मेसेज टाका, "आत्ता आपलं असं असं बोलणं झालं." त्याने उत्तर दिलं नाही तरी तो कागद होतो.

आता कायदा. पहिली शंका दुकानदाराचा वकील काढेल ती अशी, की नाव धंद्यासाठी आहे, मग तुम्ही ग्राहक कसे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे. पण स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कामात धरत नाहीत. वडील स्वतः नाव चालवतात, तुम्ही मदत करता, हीच ती परिस्थिती. नोटिशीत ती पहिल्या परिच्छेदात लिहा.

दुसरं, किनाऱ्यावर जाऊन खटला लढावा लागणार नाही. तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे जळगाव. मोबदला ₹५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. मुदत दोन वर्षं, पण तोवर थांबू नका.

तिसरं, 'पार्सल उघडलं की रिटर्न नाही' हे वाक्य. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा, ठरल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. उघडल्याशिवाय गिअरबॉक्सचं प्रमाण कळणार कसं?

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आजच तक्रार नोंदवा आणि नंबर जपून ठेवा. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, पण पुष्कळ दुकानदार तेवढ्यानेच बोलायला येतात. आयोगाची तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते.

एक विचारते: वेबसाइटवरच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आहे का? तारखेसकट?

संगमकाठ

आहे ताई. पैसे भरण्याआधी घेतला होता. त्यात '२:१, नवीन' असं लिहिलंय.

काल शेडवाल्या काकांनी सांगितलं तसं केलं. बाकावर गिअरबॉक्स बांधला, वडील आउटपुटच्या रेघेकडे बघत होते, मी इनपुट फिरवत मोठ्याने मोजत होतो, धाकटा भाऊ व्हिडिओ घेत होता. आउटपुटचे दहा फेरे झाले तेव्हा इनपुटचे तीस झाले होते. गिअर ३:१ चा आहे, यात आता तिळमात्र शंका नाही.

ब्लूही लावून पाहिला. पंख्याच्या मोठ्या तोंडाशी एक निळी कडी उमटली, बोअरचा बाकी भाग कोराच. पंखा १:१६ चा दिसतो.

आणि आणखी एक. प्लेट चार रिव्हेटांवर आहे. वरचे दोन रिव्हेट जुने, त्यांच्यावर बॉडीचाच हिरवा रंग चढलेला. खालचे दोन चकचकीत, रंग नाही. प्लेटच्या कडेला रंगाची जुनी चौकट दिसते आणि ती या प्लेटपेक्षा थोडी मोठी आहे. सगळ्याचे जवळून फोटो काढलेत.

शेडवाला_भुसावळ

म्हणजे प्लेट नंतर लावली आहे. बॉक्स नवा नाही, जुना रंगवलेला आहे. वरचं झाकण उघडू नका, सील तुटलं की तो त्यावरच बोट ठेवेल. ड्रेन प्लगमधून थोडं तेल पांढऱ्या कागदावर घ्या. काळं असेल, धातूची चमक असेल तर त्याचाही फोटो.

केळीवाला_रावेर

एक बाजू मांडतो, राग मानू नका. अशी दुकानं बहुतेक अलंगच्या मोडीतल्या सामानावर चालतात. तिथे जहाजं तोडली की लाइफबोटीची इंजिनं, गिअरबॉक्स लॉटने विकले जातात. दुकानदारालाही कधीकधी माहीत नसतं आत काय आहे. त्याला एकदम चोर ठरवण्याआधी समोरासमोर बोलून बघायला काय हरकत आहे?

मालवणी_तांडेल

अलंगचा माल आमीपण घेतो, चांगला असतो, लाइफबोटीचं इंजिन तर फार कमी चाललेलं असतं. पण तो जुना म्हणून घेतो, जुन्याच्या भावात. ह्याने 'नवीन' लिहून विकला, दुसरी प्लेट ठोकली. ठाऊक नव्हतं म्हणायला जागा कुठे ठेवली? दहा फेरे मोजायला त्याच्या पोराला पाच मिनिटं लागली असती.

वकील_जळगाव

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण नोटिशीत 'फसवणूक' हा शब्द मी सुरुवातीला घालत नाही. वस्तुस्थिती लिहायची: काय मागितलं, काय जाहिरात होती, काय आलं, मोजमाप काय निघालं. प्लेटबद्दल फक्त 'चारपैकी दोन रिव्हेट नवीन आहेत' एवढंच. आरोप जितका कमी, कागद तितका भक्कम. बाहेर पडायला वाट ठेवली तर माणूस लवकर पैसे देतो.

नोटीस स्पीड पोस्टने आणि ईमेलने, दोन्हीकडून. मागणी एकच ठेवा: गिअरबॉक्सचे पैसे परत, पंखा १:१२ टेपरचा बदलून, दोन्हीकडचं भाडं त्यांच्याकडे. पंधरा दिवसांची मुदत. आणि ज्या फोनवर हे सगळं चॅट आहे तो विकू नका, फॉरमॅट करू नका. पुढे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र द्यावं लागलं तर मूळ उपकरण लागतं.

संगमकाठ

ताई, नोटीस गेली. १९१५ ला तक्रारही नोंदवली. आता दुकानदाराची भाषा बदलत चाललीय, क्रमाने लिहितो म्हणजे इतरांना उपयोग होईल.

आधी मेसेज आला, "प्लेटवर २:१ आहे, प्लेट कंपनीची आहे." व्हिडिओ पाठवला. मग, "तुम्ही रिव्हर्समध्ये मोजलं." व्हिडिओत गिअरचा दांडा फॉरवर्डला दिसतो, ते दाखवलं. मग दोन दिवस काही नाही. मग, "₹३,००० परत देतो, विषय संपवा." आज सकाळी त्यांच्या भागीदाराचा फोन आला, गोड बोलत होता. म्हणाला, "आधी हेल्पलाइनची तक्रार मागे घ्या, मग आम्ही माल परत मागवतो, तपासतो आणि मग पैशांचं बघू."

वडिलांचं म्हणणं, घेऊन टाक मागे, भांडण वाढवू नको, यात्रा जवळ आली.

वकील_जळगाव

वडिलांना माझा नमस्कार सांगा, त्यांची घालमेल कळते. पण तक्रार आधी मागे घेऊ नका. 'तपासतो आणि मग बघू' यात पैसे द्यायचं वचनच नाही. माल तिकडे, पैसे तिकडे, तक्रार बंद, मग तुमच्या हातात काय राहिलं?

त्यांना असं लिहा: माल परत पाठवायला तयार आहे, भाडं तुमच्याकडे, ट्रान्सपोर्टची बिल्टी 'टू पे' (भाडं माल घेणाऱ्याने भरायचं) करतो. माल उतरल्यापासून तीन दिवसांत गिअरबॉक्सची पूर्ण रक्कम माझ्या खात्यात. रक्कम आली की त्याच दिवशी तक्रार मिटल्याचं मी हेल्पलाइनला कळवतो. हे मान्य असल्याचं ईमेलवर उत्तर द्या. उत्तर येईपर्यंत माल हलवायचा नाही.

शहादेकर

आणि पाठवताना पेटीत घालायच्या आधी पुन्हा सगळे फोटो. सिरीयल नंबर, रिव्हेट, तेल. पेटीला पट्ट्या मारून वजन करा, वजन बिल्टीवर लिहून घ्या. नाहीतर तिकडून 'आत दगड होते' असं ऐकायला मिळतं. आमच्या इकडच्या एकाचं असंच झालं होतं, वजन लिहिलेलं होतं म्हणून वाचला.

नवापूर_उकाई

हा धागा पहिल्यापासून वाचतोय. उकाईच्या फुगवट्यात आमची मासेमारीची नाव आहे, यंदा तिलाही असाच गिअर बसवायचाय. इंजिन थंड कसं ठेवताय ते लिहा ना कोणी. आमचं नदीचं पाणी थेट इंजिनात जातं आणि पावसाळ्यात जॅकेटमध्ये चिखल बसतो.

शेडवाला_भुसावळ

याचं उत्तर मला मनापासून द्यायचंय, कारण गाळाच्या पाण्यात नावेची इंजिनं अकाली मरतात ती यामुळेच. हतनूरला ४१ दरवाजे. पावसाळ्यात ते उघडले की तापीचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. तेच पाणी तुम्ही सिलिंडरभोवती फिरवता. गाळ सगळ्यात खाली, लायनरच्या तळाशी साचतो. वरून पाणी वाहताना दिसतं, आत मात्र लायनरचा अर्धा भाग कोरडा भाजत असतो. पिस्टन जाम झाला की लोक तेलाला दोष देतात.

नाव लोखंडी असेल तर तळाला बाहेरून पाइप वेल्ड करा, कीलला लागून, पुढे जाऊन परत येणारा. त्यात स्वच्छ पाणी आणि कूलंट भरा, छोट्या पंपाने ते इंजिनात फिरवा, वर एक भरणीची टाकी. नदीचं पाणी पाइपला बाहेरून थंड करतं, आत येतच नाही. पाइप पंख्याच्या रेषेत आणू नका, नाहीतर पंख्याला फेसाळ पाणी मिळतं. पुढे एक तिरकी पट्टी मारा म्हणजे काठाला घासून पाइप फुटणार नाही.

पाणी फार थंड ठेवणंही वाईट. कायम गार राहिलेलं डिझेल इंजिन धूर टाकतं, लायनर झिजवतं. बाहेर पडणारं पाणी साठ-सत्तर अंशांवर असू द्या, साधा थर्मामीटर लावा.

मालवणी_तांडेल

ह्याला जोडून: तळाला पाइप, स्टेनलेस शाफ्ट, पितळी पंखा, लोखंडी पत्रा असं सगळं एकत्र आलं की पत्रा खाल्ला जातो. आमच्या खाऱ्या पाण्यात आमी झिंकचे ठोकळे लावतो. गोड्या पाण्यात झिंक नीट काम करत नाही, मॅग्नेशियमचे लावा. दुकानदार डोळे झाकून झिंक देतो, मागून घ्या.

संगमकाठ

मंडळी, कळवायला आनंद होतोय. त्यांनी ईमेलवर अटी मान्य केल्या. माल गेला, 'टू पे'ची बिल्टी त्यांनी भरली. तीन दिवस उलटले तरी पैसे आले नाहीत तेव्हा ताईंनी सांगितलेला एक ओळीचा ईमेल पाठवला, की उद्या ई-जागृतीवर तक्रार दाखल करतोय. त्याच रात्री गिअरबॉक्सची पूर्ण रक्कम खात्यात आली. १:१२ चा पंखाही आला, ब्लू लावून पाहिला, बोअरभर उमटला. मी ठरल्याप्रमाणे हेल्पलाइनला विषय मिटल्याचं कळवलं. दुकानाचं नाव विचारणारे व्यक्तिगत मेसेज येताहेत, ते मी देणार नाही. त्यांनी शेवटी शब्द पाळला आहे.

दुसरा गिअरबॉक्स तांडेलदादांच्या ओळखीने मिळाला, जुना पण दुरुस्त केलेला, आणि जुना म्हणूनच विकलेला. पैसे पाठवण्याआधी त्यांनी खडूच्या रेघा मारून दहा फेऱ्यांचा व्हिडिओ पाठवला. दहाला वीस.

बसवताना काकांनी भुसावळहून स्वतः येऊन लाइन काढून दिली (गिअरबॉक्स आणि शाफ्ट एका सरळ रेषेत आणून दिले), एक रुपया घेतला नाही.

शेडवाला_भुसावळ

पैसे कसले. बऱ्याच वर्षांनी हातात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेतलं, बरं वाटलं.

इतरांसाठी लिहितो. काठावर काढलेली लाइन पक्की धरायची नाही. नाव पाण्यात उतरली की पत्रा थोडा आकार बदलतो. इंजिन, डिझेल, माणसं यांचं वजन नेहमीसारखं ठेवून नाव पाण्यात असताना शेवटची लाइन काढायची. दोन्ही फ्लँज हाताने जवळ आणा, बोल्ट लावू नका. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चारही ठिकाणी फीलर घाला. फ्लँजच्या दर इंच व्यासाला एक थाऊचा (इंचाच्या हजाराव्या भागाचा) फरक चालतो. यांचा फ्लँज चार इंची, म्हणजे चार थाऊ, ०.१ मिलिमीटर. आम्हाला पहिल्यांदा वरच्या बाजूला अकरा मिळाले. इंजिनच्या पुढच्या पायांखाली शिम (पातळ पत्रे) घालत घालत तीनवर आणले. बोल्ट ओढून लाइन जुळवायची नाही, त्याने फ्लँज जुळतात आणि शाफ्ट वाकतो.

संगमकाठ

काल चाचणी झाली. रिकाम्या नावेला मोबाइलच्या जीपीएसवर ताशी साडेआठ किलोमीटर, तांडेलदादांच्या हिशेबाच्या जवळच. इंजिन पूर्ण भाराला १४६० फेऱ्यांवर टिकतंय, धूर नाही. घाटाजवळ वडिलांनी दांडा मागे ओढला आणि नाव दोन नावांएवढ्या अंतरात थांबली. त्यांनी बांबू उचललाही नाही.

इंजिन नंबर बदललाय, त्यामुळे नोंदणीच्या कागदात तो बदलून घ्यायचा अर्ज तयार करतोय. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली यांत्रिक नावेची नोंदणी आणि तपासणी दोन्ही लागतात, यात्रेआधी ते झालंच पाहिजे. लाइफ जॅकेटं जुनी होती, त्यांचे पट्टे कुजले होते. परत आलेल्या पैशांतले जे उरले त्यातून नवीन घेतली.

नवापूर_उकाई

अभिनंदन भाऊ! ग्लँडमध्ये दोरी कोणती घातली आणि किती घट्ट केली? आमची एकतर धार लागते, नाहीतर शाफ्ट तापतो.

संगमकाठ

ग्राफाइटची चौकोनी दोरी. एकच लांब तुकडा गुंडाळून घालू नका. शाफ्टवर गुंडाळून तिरका काप द्या, असे वेगवेगळे रिंग करा आणि प्रत्येक रिंगचा सांधा आधीच्यापासून दूर ठेवा. नट हातानेच आवळा, मग शाफ्ट फिरत असताना पाव-पाव फेरा द्या. फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडले पाहिजेत, थांबल्यावर जवळजवळ बंद. अर्ध्या तासाने ग्लँडवर तळहात ठेवा. कोमट असेल तर चालेल, चटका बसला तर सैल करा. गिअरबॉक्स मागवाल तेव्हा मला व्यक्तिगत मेसेज करा, दुकानदाराला पाठवायचा मजकूर तयार आहे, तसाच पुढे पाठवतो.